मदत हवी आहे: अभंग बीटवर कसा बसवायचा?

लेकाला (नववीत आहे) रॅपचं वेड लागलंय. परवा मी पोळ्या लाटत होते, तर हा ओट्यावर चमच्याने ठेका धरून म्हणाला,

कुकरची शिट्टी
वाजली तिसरी
भाजीला विसरी
आई माझी

मी बोटांवर अक्षरं मोजली. ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. चक्क 'मोठा अभंग' हा छंद! त्याला पत्ताच नाही. (भाजी खरंच लागली होती, ते सोडा.)

तेव्हापासून आम्ही दोघं भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ओळी जुळवतो. मजा येते, पण दोन ठिकाणी अडतंय. चार मात्रांच्या बीटवर शेवटचा चार अक्षरांचा चरण तोकडा पडतो. लेक 'माझी' लांबवतो, मला ते रडगाण्यासारखं वाटतं. तिथे गप्प राहून बीट वाजू द्यावा का? दुसरं म्हणजे आमची यमकं सारखी गेला-आला-झाला वरच येतात. क्रियापद शेवटी न आणता, ओळीच्या मधेच यमक साधायची सवय कशी लावायची?

इथे कुणी मराठीत रॅप लिहिणारे असाल तर सांगा ना. छंदाची जाण असलेल्यांनीही सांगा, मी शाळेत शिकलेलं निम्मं विसरलेय.