सोसायटीच्या मेंटेनन्सची माहिती कोबी (COBie) फॉरमॅटमध्ये कशी बसवायची?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): चार टॉवर. पंप, लिफ्ट, डीजी (डिझेल जनरेटर), फायर पॅनेल सगळ्यांची माहिती एकाच एक्सेल शीटमध्ये कोंबली आहे. नवीन सॉफ्टवेअरवाला कोबी फॉरमॅट मागतोय, म्हणजे इमारतीची आणि उपकरणांची माहिती ठरावीक नावांच्या, एकमेकींना जोडलेल्या शीटमध्ये. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी फ्लोअर (मजले) आणि स्पेस (खोल्या) शीट भरा, मग टाइप, शेवटी कंपोनंट. टाइप म्हणजे मॉडेल, कंपोनंट म्हणजे प्रत्यक्ष बसवलेला नग. एकाच मॉडेलचे सहा बूस्टर पंप असतील तर टाइपमध्ये एक ओळ, कंपोनंटमध्ये सहा. उत्पादक, मॉडेल नंबर, वॉरंटीची मुदत टाइपमध्ये. सिरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख कंपोनंटमध्ये. हे उलटसुलट झालं की एक पंप बदलल्यावर सहाही पंपांची नोंद बिघडते.

उत्तर २: नावं जपा हो! शीट एकमेकींना नावानेच जोडलेल्या असतात. एकीकडे 'पंप रूम बी' आणि दुसरीकडे त्याच नावापुढे स्पेसबारची एक मोकळी जागा जास्त पडली, तरी इम्पोर्टमध्ये ती ओळ अनाथ होते, कशालाच जोडली जात नाही. आधी एक्सेलचं ट्रिम फंक्शन फिरवा, ते अशा जास्तीच्या जागा काढतं. खोल्यांना नावाऐवजी 'टी२-बी१-०३' (टॉवर २, बेसमेंट १, खोली ३) असा कोड द्या.

प्रश्नकर्ता: पाइपलाइनही टाकायची का?

उत्तर १: नको. ज्याची सर्व्हिसिंग, तपासणी किंवा बदली होते तेवढंच. व्हॉल्व्ह घ्या, पाइप सोडा. तिमाही सर्व्हिसिंग जॉब शीटमध्ये, सील-बेअरिंग स्पेअरमध्ये. दोन्ही टाइपला जोडायचे.