दहा वादकांवरून पाचांवर यायचंय, कुणाला थांबवू?

गोदाकाठची_पेटी
आमच्या हौशी संस्थेचं नवं संगीत नाटक, चौदा पदं, संगीत माझं. कालिदास कलामंदिरातला पहिला प्रयोग दहा वादकांवर केला: ऑर्गन, कीबोर्ड, तीन व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, तबला, ढोलकी, साइड र्‍हिदम (टाळ-खंजिरी). आता सिन्नर आणि येवल्याला जायचंय. गाडीत जागा आणि हातात मानधन पाचांपुरतंच आहे. ऑर्गन मी वाजवते, तबला हवाच. पण दुसऱ्या अंकातल्या अंगाईत क्लॅरिनेट खाली खर्जात उतरतं, तिथे प्रेक्षागृह अगदी स्तब्ध झालं होतं. ते जाईल या विचाराने झोप लागत नाही.

ठेका_सोळा
ताई, गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष आणि जोडीला ऑर्गन, एवढ्यावर रात्र रंगायची. बिनधास्त कमी करा.

गोदाकाठची_पेटी
दादा, ती पदं गायकाच्या मागे जाणारी. माझ्या वादळाच्या प्रवेशात चार सूर एकत्र वाजले नाहीत तर वादळच उभं राहत नाही.

जुना_संयोजक
माणसं मोजू नका, प्रत्येक पदात कुठला सूर काय काम करतोय ते लिहून काढा. १९२८ साली बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ हे जर्मन संगीत नाटक रंगमंचावर आलं तेव्हा सात वादक मिळून वीसहून जास्त वाद्यं वाजवत होते.

व्हायोलिन तीनवरून दोनवर आणू नका, थेट एकावर या. एकाच ओळीवर दोघं असले की एकाचा सूर केसभर हलला तरी कानाला टोचतं. तिघांत तो मिसळून जातो. एकट्याखाली कीबोर्डचे स्ट्रिंग्ज बारीक ठेवा. वरचा गज खरा असला की खालचंही जिवंत वाटतं.

अंगाईची ओळ व्हायोलिनला देऊ नका. क्लॅरिनेट जिथवर उतरतं तिथवर व्हायोलिनची सगळ्यात खालची तारही पोचत नाही. ती ऑर्गनच्या डाव्या हातात घ्या, आणि तेव्हा उजवा हात उचला. तबलजी ढोलकीही वाजवतील ना? टाळ-खंजिरी कोरसच्या हातात द्या. पाचवा बासरीवाला. प्रत्येक पट्टीची बासरी त्याच्याजवळ आहे का ते आधी विचारा.

गोदाकाठची_पेटी
काल गंगापूर रोडच्या हॉलवर तालीम केली. अंगाईला डाव्या हाताने खर्ज धरला, भाता अगदी हळू दाबला. आमची नायिका दुसऱ्या ओळीआधी श्वास घ्यायला थांबली, तशी मीही थांबले. कीबोर्डवाला पोरगा मान खाली घालून ऐकत होता. क्लॅरिनेटची ऊब त्यात नाही, पण नायिकेचा आवाज आता मोकळा ऐकू येतो. वादळाला मात्र ढोलकी आणि तबला दोन्ही एकदम लागतात. कीबोर्डवाल्याला डफ शिकवायला घेतलाय.