पूर्णांक टाकले की बरोबर ०, १, २, ३… एवढंच देणारी बहुपदी, कमीत कमी किती व्हेरिएबल लागतील?

अर्धा_वर्ग

नंबर थिअरी माझी मीच वाचतेय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. कॅन्टरची ती प्रसिद्ध बहुपदी आहे ना, ((क्ष+य)² + क्ष + ३य)/२, तिच्यात क्ष आणि य ला ०, १, २, ३… अशा किमती दिल्या की शून्यापासूनची प्रत्येक संख्या बरोबर एकदाच येते, एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. पण ऋण किमती चालतील म्हटलं की सगळं बिघडतं, कारण क्ष+य तेवढंच ठेवून य कितीही खाली नेता येतो आणि उत्तर ऋणात जातं.

तर मला हवंय ते असं, की व्हेरिएबलना कुठलेही पूर्णांक द्या, धन, ऋण, शून्य, उत्तर ऋण कधीच येता कामा नये आणि ०, १, २, ३… यातली प्रत्येक संख्या कुठे ना कुठे आलीच पाहिजे. पुन्हा पुन्हा आली तरी चालेल. चार व्हेरिएबलमध्ये हे होतं, लाग्रांजचं १७७० चं प्रमेय आहेच, अ²+ब²+क²+ड². तीन वर्गांत ७ येत नाही. मग तीन व्हेरिएबलमध्ये दुसरी कुठली बहुपदी आहे का? आणि दोनमध्ये? एका व्हेरिएबलचं मला कळतं, डिग्री १ असेल तर ती ऋणात जाते आणि त्यापुढे किमतींमधली अंतरं वाढत जातात.

बाकी_एक

तीनमध्ये होतं, आणि सहगुणकही पूर्णांकच राहतात. ही बघ: अ² + ब² + क² + क.

ऋण का नाही, तर क²+क म्हणजे क(क+१), लागोपाठच्या दोन पूर्णांकांचा गुणाकार, तो ऋण होऊच शकत नाही. आता सगळ्या संख्या का येतात ते. न ही संख्या हवीय असं समज, ४न+१ घे. लजांद्र आणि गाउसचं तीन वर्गांचं प्रमेय सांगतं की ८ ने भागून ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांना ४ च्या घातांनी गुणून मिळणाऱ्या संख्या सोडल्या तर बाकी सगळ्या तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात. ४न+१ ला ८ ने भागलं की १ किंवा ५ उरतात आणि तिला ४ ने भागही जात नाही, म्हणजे ती बंदी घातलेल्यांत नाहीच. मग ४न+१ = तीन वर्ग. प्रत्येक वर्गाला ४ ने भागलं की ० किंवा १ उरतो, आणि एकूण बाकी १ हवी, म्हणजे तिघांतला नेमका एकच विषम. लिही त्यांना २अ, २ब आणि २क+१. वर्ग करून बेरीज कर, १ वजा कर, ४ ने भाग, संपलं.

तुझं अडलेलं ७ घे: ४×७+१ = २९ = २²+०²+५², म्हणून अ=१, ब=०, क=२, आणि १+०+४+२ = ७. मला या सिद्धतेतलं सगळ्यात जास्त हे आवडतं की तीन वर्गांच्या प्रमेयातली उणीव फक्त एक क मिळवला की भरून निघते.

कॅन्टरबद्दल थोडं: १९२३ मध्ये फ्युटर आणि पोल्या यांनी दाखवलं की डिग्री २ मध्ये ‘प्रत्येक संख्या बरोबर एकदाच’ हे काम करणाऱ्या दोनच बहुपदी आहेत, ती आणि क्ष-य ची अदलाबदल केलेली.

तळाचा_सहगुणक

दोन व्हेरिएबलवर मी लिहितो, कारण खरी मजा तिथे आहे. सहगुणक अपूर्णांक असले तरी चालतील असं धरतो, किमती पूर्णांक आल्या की झालं.

विषम डिग्री लगेच बाद. सगळ्यात वरच्या डिग्रीचा भाग विषम असेल तर एका दिशेला धन आणि बरोबर उलट दिशेला ऋण, त्या बाजूला लांब जात राहिलं की बहुपदी ऋण होणारच.

डिग्री २ मध्ये करून बघायला खूप आहे आणि ते हाताने करूनच बघ. दोन त्रिकोणी संख्यांची बेरीज घेतली, क्ष(क्ष+१)/२ + य(य+१)/२, तर ०, १, २, ३, ४ येतात आणि ५ येत नाही. एक वर्ग आणि एक त्रिकोणी घेतली तर ८ येत नाही. क्ष² + य(३य+१)/२ मात्र बघत राहावंसं वाटतं, ० पासून १९ पर्यंत प्रत्येक संख्या येते, एकही गाळत नाही, १९ = ४+१५, आणि २० ला थांबते. २० मधून ०, १, ४, ९, १६ वजा करून बघ, उरलेल्यांत ०, १, २, ५, ७, १२, १५ यातलं काहीच नाही. हे नशीब वाईट म्हणून होत नाही. १९०८ मध्ये लॅन्डाऊने सिद्ध केलं की न पर्यंतच्या संख्यांत दोन वर्गांच्या बेरजेने मिळणाऱ्या साधारण ०.७६४ × न/√(लॉग न) एवढ्याच असतात, म्हणजे पुढे जावं तसं त्यांचं प्रमाण शून्याकडे जातं, आणि दोन व्हेरिएबलच्या ज्या डिग्री २ च्या बहुपदी कधी ऋण होत नाहीत त्या सगळ्यांचं असंच होतं. बिंदू पुरेसे असतात, पण एकाच किमतीवर इतके बिंदू येऊन पडतात की बाकीच्या किमती रिकाम्या राहतात.

डिग्री ४ आणि वरची सम डिग्री. वरच्या डिग्रीचा भाग (०,०) सोडून सगळीकडे धन असेल, उदाहरणार्थ क्ष⁴+य⁴, तर नुसतं मोजूनच निकाल लागतो. बहुपदीची किंमत न पर्यंत राहायची तर क्ष आणि य दोघंही अंदाजे न च्या डिग्रीव्या मुळाएवढ्या टप्प्यात राहिले पाहिजेत, म्हणजे डिग्री ४ ला एकूण बिंदू √न च्या ठरावीक पटीतच, आणि भरायच्या आहेत न जागा. शक्यच नाही.

उरतं ते एवढंच, की वरचा भाग कुठल्यातरी दिशेला शून्य होतो आणि किंमत लहान असलेला प्रदेश त्या दिशेला शेपटीसारखा लांब जातो. (क्ष·य − १)² + क्ष² घे. वास्तव संख्यांवर हिच्या किमती म्हणजे बरोबर सगळ्या धन संख्या, ० च्या हव्या तेवढं जवळ जाते पण ० कधीच होत नाही. पूर्णांकांवर मात्र तिची शेपटी म्हणजे क्ष=० ही पूर्ण रेषा, आणि तिथे किंमत कायम १, अनंत बिंदू आणि किंमत एकच. क्ष शून्य नसेल तेव्हाचे बिंदू मोजले तर √न × लॉग न च्या आसपास भरतात, म्हणजे पुन्हा अपुरे. पण ही एक बहुपदी झाली, शेपटी असलेल्या सगळ्याच बहुपदींना हे मोजणं लागू होत नाही, तिथे बिंदू भरपूर असू शकतात आणि ते वेगवेगळ्या किमती देतात की त्याच त्याच, हे प्रत्येक आकाराचं वेगळं बघावं लागतं. दोन व्हेरिएबलची अशी बहुपदी कुणाला शोधायची असेल तर शोध इथेच घ्यायचा, बाकी कुठेही नाही.

अर्धा_वर्ग

अ²+ब²+क²+क बघून खूप आनंद झाला, दोघांचेही आभार. क्ष² + य(३य+१)/२ मी २० पर्यंत लिहून काढली. मग वाटलं की बहुपदी दिली की ‘ही सगळ्या संख्या देते’ किंवा ‘नाही देत’ असं सांगणारा एक प्रोग्रामच लिहावा. कितीही व्हेरिएबल असोत, कितीही वेळ लागो. असा प्रोग्राम असू शकतो का?

शून्यस्थान

असू शकत नाही, आणि ते वर दिलेल्या बहुपदीवरूनच दाखवता येतं, म्हणून मुद्दाम लिहायला आले.

हिल्बर्टने १९०० मध्ये विचारलेला दहावा प्रश्न: पूर्णांक सहगुणकांची बहुपदी दिली तर ती पूर्णांकांवर कुठे शून्य होते का हे ठरवायची पद्धत द्या. डेव्हिस, पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी अनेक वर्षं त्यावर काम केलं आणि १९७० मध्ये २२ वर्षांच्या मातियासेविचने शेवटचा दुवा जोडला: अशी पद्धत नाहीच. अजून सापडली नाही असं नाही, असूच शकत नाही. रॉबिन्सन तर वीस वर्षांहून जास्त या प्रश्नाच्या मागे होत्या आणि त्यांनी सुचवलेल्या वाटेनेच तो दुवा जुळला, हे मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं.

आता प ही कुठलीही बहुपदी घे, कितीही व्हेरिएबलची, आणि तीन नवीन व्हेरिएबल घेऊन ही बनव: प² + अ² + ब² + क² + क. प कुठेतरी शून्य होत असेल तर तिथे थांबून अ, ब, क फिरव, सगळ्या संख्या मिळतात. प कुठेच शून्य होत नसेल तर प² कायम १ किंवा जास्त, म्हणून ० कधीच येत नाही. म्हणजे ‘ही बहुपदी सगळ्या संख्या देते का’ याचं उत्तर देणारा प्रोग्राम असता तर त्याने हिल्बर्टचा दहावा प्रश्नही सोडवला असता. ११ पूर्णांक व्हेरिएबलपर्यंतसुद्धा तो प्रश्न सुटत नाही हे झी-वेई सुन यांनी दाखवलंय, त्यात हे तीन मिळवले की १४ व्हेरिएबलच्या बहुपदींसाठीच असा प्रोग्राम नाही.

बाकी_एक

@शून्यस्थान, दोन ओळींत झालं की! याच्या बरोबर उलट टोक मी जोडतो, म्हणजे प्रोग्राम लिहायची हौस कुठे भागेल ते कळेल.

बहुपदीत फक्त डिग्री २ ची पदं असतील, (०,०,…) सोडून किंमत कायम धन असेल, आणि अ·ब सारख्या मिश्र पदांचे सहगुणक सम असतील, तर फक्त १, २, ३, ५, ६, ७, १०, १४, १५ या नऊ संख्या येतात का बघायचं. आल्या तर सगळ्या धन संख्या येणारच. हे कॉनवे आणि श्नीबर्गर यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं आणि मंजुल भार्गव यांनी पुढे फार सोपी सिद्धता दिली. मिश्र पदांचे सहगुणक विषमही चालतील म्हटलं तर २९ संख्या तपासायच्या, त्यातली शेवटची २९०, ते काम भार्गव आणि हँके यांचं.

शेवटची १५ का, तर १९१७ च्या पेपरमध्ये रामानुजनने मिश्र पदं नसलेल्या, चार व्हेरिएबलच्या अशा ५५ बहुपदींची यादी दिली होती, त्यातल्या ५४ बरोबर आहेत आणि उरलेली एक म्हणजे अ² + २ब² + ५क² + ५ड². ती १ ते १४ सगळं देते, १६ पासून पुढचंही सगळं देते, फक्त १५ देत नाही. ५(क²+ड²) ला ०, ५ आणि १० अशा किमती देऊन बघ, अ²+२ब² ने १५, १०, ५ यातलं काहीच जमत नाही.