ऑइल चेंज घरी करावा की गॅरेजला द्यावा? (स्विफ्ट पेट्रोल, बजेट २,५००, त्याच्यावर नाही)

जांभ्याची_वाट (राजापूर)
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१६ ची, ७१ हजार झालेत. वर्षाला जेमतेम सहा हजार पळते, त्यातही निम्मं घर ते बाजार. वॉरंटी कधीच संपली. गेल्या वर्षी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला दिली, बिल ५,९००. त्यात ऑइल आणि फिल्टर मिळून दोन हजारही नव्हते. बाकी इंजिन ड्रेसिंग, एसीचा फवारा, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि काय काय. वर सगळा दिवस रत्नागिरीत वडापाव खात काढला तो वेगळाच.
यंदा गणपतीआधी ऑइल बदलायचंय. गावातल्या गॅरेजला द्यावी की घरीच करावं? व्हिडिओत तर वीस मिनिटांचं काम दिसतं. बजेट २,५००. ऑइल, फिल्टर, हत्यारं सगळं धरून. अंगण आहे, पण मातीचं.

चाकरमानी_डोंबिवली
माझी गाडी मी कायम कंपनीतच देतो. ऑइलच साडेसहा हजाराचं पडतं, फुल्ली सिंथेटिक. गेल्या मे महिन्यात डोंबिवली ते मालवण एका दमात मारली, इंजिनाचा आवाज नाही. तूही तेच टाक. आणि खरं सांगू, आता नवीन गाडी बघ. किती वर्षं ओढणार?

जांभ्याची_वाट
दादा, बजेट २,५०० लिहिलंय.

पाना_१०_१२ (कुडाळ)
मेल्या, ह्या काय इचारूचा काम? घरीच कर. माझी वॅगनार मी गेली सात वर्सां स्वतः करतंय. चार चिरे घ्यायचे, पुढची दोन चाकां वर चढवायची, खाली सरकायचा, झाला. गॅरेजवालो तीनशे लेबर घेता, तेच्यात बांगडे येतत.

निवृत्त_डेपो (लांजा)
चिऱ्याचं वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी नुसतं वाचतो.
एसटी डेपोत ३१ वर्षं गाड्यांखाली गेली माझी. चिरा भिंतीत घालायला उत्तम, गाडीखाली नाही. जांभा दगड मुळात सच्छिद्र, पावसात पाणी पितो, कडेवर वजन आलं की ढपला निघतो आणि तो सांगून निघत नाही. डिकीतला जॅक फक्त टायर बदलायला दिलेला असतो. त्याच्यावर गाडी उचलून तिच्याखाली डोकं घालायचं नाही, म्हणजे नाहीच. त्यातून श्रावणातलं मातीचं अंगण, जॅकचा पाय तासाभरात दोन बोटं आत जाईल. लोखंडी रॅम्प किंवा जॅक स्टँड असतील तर बोला.

पाना_१०_१२
काकानू, सात वर्सात माका काय झाला नाय.

निवृत्त_डेपो
ज्याला झालं तो इथे लिहायला येत नाही.

हर्णैकर_७८
ऑइल राहू द्या बाजूला, आधी खालून गंज बघा. समुद्रापासून चार किलोमीटरवर गाडी लावतो मी. सायलेन्सर दोनदा बदलला. अंडरबॉडी कोटिंग केलंय का? नसेल तर आधी ते करा, पाच-सहा हजार जातील पण गाडी वाचेल.
आता ऑइलचं. मी पण घरी करायला गेलो होतो २०१९ ला. ड्रेन प्लग, म्हणजे खालून ऑइल सोडायचा बोल्ट, खाऱ्या हवेने असा धरलेला की हलेना. फिक्स पाना लावून जोर दिला, बोल्टचं डोकं गोल. मग पाइप रिंच लावला. निघाला, पण परत बसवताना तिरका घुसला आणि चेंबरचे, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे गेले. मला वाटलं घट्ट बसलाय. सकाळी अंगणात काळं थारोळं. चेंबर काढून आट्यांना बुश मारून घ्यायला २,८०० गेले, टोईंग वेगळं. तेव्हापासून हात जोडले.

सुरंगीचा_गजरा (मालवण)
चूक फिक्स पान्याची होती, घरी करण्याची नाही. ड्रेन प्लगला रिंग पाना किंवा गोटी पानाच लावायचा, सहाही बाजू धरल्या जातात. बसवताना आधी बोटांनी दोन-तीन फेरे फिरवायचे. बोटांनी फिरला म्हणजे आट्यात आहे, मग पाना. आणि दर वेळी नवीन वायसर, वीस रुपयांचा येतो.
मी माझ्या स्कूटरचं चार वर्षं स्वतः करते. शाळा सुटल्यावर, साडीचा पदर खोचून. पहिल्या वेळी शेजारचे तीन जण बघायला उभे होते, आता त्यांच्याही गाड्या माझ्याकडे येतात. माझं म्हणणं, आधी स्कूटरवर हात बसवा. खाली झोपायला लागत नाही, ऑइल लिटरपेक्षा कमी, चुकलं तरी नुकसान बेताचं. गाडी नंतर.

जांभ्याची_वाट
ताई, स्कूटर नाहीये माझ्याकडे.

काजूबी (वेंगुर्ला)
माझ्याकडे स्प्लेंडर आहे, तिचं पण घरी करता येईल का? कुठलं ऑइल स्वस्त पडेल?

बुलेटराजा_कणकवली
काजूबी, स्वस्ताच्या मागे लागून मी काय केलं ते ऐक. भावाच्या गाडीचं ऑइल उरलं होतं, महागातलं, म्हटलं बुलेटला टाकू. आठ दिवसांत फोंडा घाट चढताना इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढे जात नाही. क्लच सटकत होता. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे प्लेटी घसरतात. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलची जपानी प्रतवारी) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघूनच घ्यायचं. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी. कारच्या डब्यावर यातलं काही नसतं. क्लच प्लेटी बदलून शहाणा झालो.
मूळ प्रश्नाला उत्तर: गॅरेजला दे. पण ऑइल २०डब्ल्यू-५० टाकायला सांग, कोकणात उकाडा फार, पातळ ऑइल टिकत नाही.

सुरंगीचा_गजरा
हे साफ चूक. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं त्याचा आकडा. गरम इंजिनासाठी पुढचा आकडा बघायचा. स्विफ्टच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० दिलंय, तेच टाका. ते इंजिन काय फक्त काश्मीरसाठी बनवलंय का?

बुलेटराजा_कणकवली
पुस्तकं जपानात लिहितात. आंबा घाट एसी लावून चढून बघा मग बोलू.

निवृत्त_डेपो
ताई बरोबर आहेत. जाड ऑइलने सकाळी पहिल्या स्टार्टला वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. इंजिनाची झीज तिथेच जास्त होते.

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)
२२ जुलै २०२१ च्या पुरात माझी गाडी बाजारपेठेत छपरापर्यंत बुडाली. दोन दिवसांनी ऑइलची दांडी काढून बघितली तर ऑइल नव्हतं, दुधाचा चहा होता. शेजाऱ्याने बघायच्या आधी चावी फिरवली, त्याचं इंजिन गेलं. मी बॅटरीची वायर काढून ठेवली होती म्हणून माझं वाचलं. तीनदा ऑइल बदललं गॅरेजवाल्याने, पहिली दोन नुसती धुवायला. त्या आठवड्यात तो माणूस घरी गेला नाही, चिखलात बसून रात्री कामं करत होता. असल्या माणसाला तीनशे रुपये द्यायला काय होतं हो?
बाकी तुमची गाडी कमी पळते म्हणून ऑइल दोन वर्षं चालवू नका. घर-बाजार फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ आतच राहते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमचं वर्षच आधी होणार.

पाना_१०_१२
बदललेला काळा ऑइल टाकू नुको. वाशांक मार, वाळवी लागणा नाय. आमच्या गोठ्याचे वासे बघ येवन.

हर्णैकर_७८
पूर्वी होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल मारायचे. ते खरं. हे काळं ऑइल मारलेलं लाकूड वर्षभर कपड्यांना लागतं.

सुरंगीचा_गजरा
लागतंच, शिवाय पावसात खाली उतरतं. जांभ्यातून पाणी सरळ विहिरीत झिरपतं, आणि गोठ्याशेजारी विहीर नसलेलं एक घर मला दाखवा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात धरलंय. त्याच डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात ओता, पुनर्प्रक्रियेवाले तिथून नेतात. गॅरेजवाला नाही म्हणत नाही, पिंप विकून त्यालाही पैसे सुटतात.

पाना_१०_१२
आमच्या आज्यापास्न मारतत.

सुरंगीचा_गजरा
तुमच्या आज्याकडे वॅगनार होती?

चाकरमानी_डोंबिवली
खाली न झोपता वरून दांडीच्या भोकातून ऑइल ओढायचा पंप मिळतो ऑनलाइन. साडेतीन-चार हजाराला. माझ्या साडूकडे आहे.

जांभ्याची_वाट
बजेट २,५००.

निवृत्त_डेपो
तुझ्या बजेटमध्ये बसणारा मधला मार्ग सांगतो. ऑइल आणि फिल्टर स्वतः अधिकृत दुकानातून बिल घेऊन आण. सील बघ, डब्यावरची तारीख बघ. गावच्या गॅरेजला नेऊन समोर उभा राहून बदलून घे. इंजिन फ्लश, म्हणजे आतून धुवायचं औषध, लागणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. रिकामा डबा तिथे सोडायचा नाही, किंवा सोडलास तर पत्र्याच्या कात्रीने कापून सोड. डबे परत भरले जातात.
स्वतःच करणार असशील तर क्रम असा. पाच मिनिटं इंजिन चालव, कोमट ऑइल लवकर उतरतं. वरचं झाकण सैल कर. प्लग काढ, दहा-पंधरा मिनिटं थेंब थांबेपर्यंत गळू दे, मग नवीन वायसर घालून प्लग परत बसव. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का ते डोळ्यांनी बघ. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि वर नवीन बसवलास, तर दोन रिंगांमधून सगळं ऑइल रस्त्यावर. माझ्या हाताखालच्या चांगल्या पोरांकडून झालंय हे. नव्या रिंगला बोटाने ऑइल लाव, रिंग टेकली की हाताने पाऊण फेरा, पाना नको. मग वरून आधी तीन लिटरच ओत. एक मिनिट चालवून बंद कर, खाली गळती बघ, पाच मिनिटांनी दांडी बघून थोडं थोडं वाढव. जास्त झालेलं ऑइलसुद्धा वाईटच.

वाशिष्ठी_काठ
काकांशी सहमत. स्वतः ऑइल आणा, गॅरेजला न्या.

बुलेटराजा_कणकवली
तेच मी म्हणत होतो. ऑइल स्वतःचं, लेबर गॅरेजचं.

हर्णैकर_७८
+१. आणि कोटिंग विसरू नका.

जांभ्याची_वाट
सगळ्यांचे आभार. पण मी घरीच करायचं ठरवलंय. आमच्या चुलत्यांचा पूर्वी टेम्पो होता. त्याच्यासाठी परड्यात चिरेबंदी खड्डा बांधलेला आहे, वर फळ्या टाकलेल्या. सध्या आत नारळाची सोडणं भरलीयत. रविवारी रिकामा करतो.

निवृत्त_डेपो
खड्डा आहे हे पहिल्या ओळीत लिहायचं, शहाण्या! मी सकाळपासून रॅम्प रॅम्प करतोय.

सुरंगीचा_गजरा
उतरण्याआधी लांब काठीने सोडणं ओढून काढा, हात घालू नका. फुरसं हमखास असतं अशा जागी. बूट घाला, उजेड घेऊन उतरा. आणि खड्ड्यात विडी-काडी नको, पेट्रोलची वाफ खाली साठते.

पाना_१०_१२
खड्ड्यात फुरसा, चिऱ्यार काय नाय.

जांभ्याची_वाट
झालं एकदाचं. रविवारची सकाळ गेली.
फुरसं नव्हतं. दोन विंचू होते आणि २०१२ सालची पंचायतीची घरपट्टी पावती. वीस मिनिटं नाही लागली, सव्वादोन तास लागले. प्लग शेवटच्या फेऱ्याला हातातून सुटून तेलाच्या टबात पडला, कोपरापर्यंत हात काळा. फिल्टर हलेना, मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पिळला, तेव्हा सुटला. रिंग बघितली काका, फिल्टरसोबतच आली.
हिशेब: ऑइल साडेतीन लिटरचा डबा १,५४०, फिल्टर १३०, वायसर २०, रिंग पाना ११०, नरसाळं ४०. एकूण १,८४०. टब सासूबाईंचा, तो आता परत मागत नाहीत. सकाळी खड्ड्यात पुठ्ठा टाकून ठेवला होता, कोरडा आहे.
काळं ऑइल गावच्या गॅरेजला नेऊन दिलं. तो म्हणाला, "अरे, मग माझ्याकडेच यायचंस ना, दोनशेत केलं असतं." मान खाली घालून आलो.
डब्यात चारशे मिली उरलंय, काय करू?

निवृत्त_डेपो
झाकण घट्ट लावून घरात ठेव. महिन्याने दांडी बघ, कमी झालं तर तेच घालायचं.

काजूबी
मला देता का? वेंगुर्ल्याला कोणी येणार असेल तर. स्प्लेंडरला टाकतो.

बुलेटराजा_कणकवली
अरे वर काय लिहिलंय मी!!