वॅक्स सोडा, आधी गाडी धुवायला शिका

घासूनपुसून (धागाकर्ता)

नवीन गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "वॅक्स कुठलं लावू?" धुवू कशी हे कोणी विचारत नाही, कारण धुणं सगळ्यांना येतं असा आपला गोड गैरसमज. माझं मत सरळ आहे, ऊन पाऊस वारा मिळून रंगाचं जेवढं वाटोळं करतात त्याहून जास्त आपण स्वतः करतो, धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवून.

थोडं गणित बघा. पत्र्यावर आधी गंजरोधक ई-कोट, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आणि धुळीत काय असतं? वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, जे काचेलासुद्धा ओरखडा पाडतं. ते कण फडक्याखाली धरून गोल गोल घासायचे आणि मग दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले की वॅक्सचा डबा आणायला पळायचं!

वॅक्स उन्हापासून वाचवतं हीसुद्धा थापच. अतिनील किरण शोषणारी रसायनं क्लिअर कोटमध्ये कारखान्यातच घातलेली असतात. वॅक्सचा थर असतो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, तो सनस्क्रीनचं काम काय डोंबल करणार. दोन बादल्या, चांगला मायक्रोफायबरचा हातमोजा आणि भरपूर पाणी, बास. बाकी सगळी हौस. हौस करा, माझं काही म्हणणं नाही, पण तिला संरक्षण म्हणू नका.

मेणकरी

असहमत. उन्हाचा मुद्दा मान्य, पण वॅक्स उन्हासाठी लावतं कोण? ते लावायचं रंगावर घाण चिकटू नये म्हणून. वॅक्स लावलेल्या बोनेटवर नुसता पाण्याचा फवारा मारला तरी अर्धी माती निघून जाते, उरलेली मोजा अलगद फिरवला की सुटते. म्हणजे घासणं कमी, घासणं कमी म्हणजे ओरखडे कमी. तुमचाच मुद्दा घेऊन मी तुमच्या विरुद्ध टोकाला पोचलो बघा :)

शिवाय पक्ष्यांची शिट, मेलेले किडे, झाडाचा चीक. हे थेट क्लिअर कोटवर बसण्याआधी मध्ये काहीतरी असलेलं बरं की नाही? खराब व्हायचं तर वॅक्स होऊ दे, ते पुन्हा लावता येतं. क्लिअर कोट पुन्हा उगवत नाही.

घासूनपुसून

@मेणकरी, शिटेचं तुम्ही बोललात ते बरं झालं कारण तिथेच सगळे फसतात. तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट किंचित मऊ होऊन फुगतो, वर शिट वाळून कडक होते, संध्याकाळी पत्रा गार झाला की क्लिअर कोट आकसतो आणि त्या शिटेच्या आकारातच बसतो, म्हणून धुतल्यावरही तिथे निस्तेज डाग राहतो. त्यात आम्ल वगैरे असतं ते वेगळंच. आता यात तो मायक्रॉनभर थर कितीसा आडवा येणार? थोडा वेळ मिळेल फार तर. खरा उपाय म्हणजे दिसली की लगेच काढणं, तेही नखाने खरवडून नाही, ओला कपडा पाच मिनिटं वर ठेवून ती मऊ करून उचलणं.

आणि कार्नौबा वॅक्सचं कौतुक फार ऐकलंय. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, वितळतं ८२ ते ८६ अंशांना, नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक वगैरे सगळं खरं. पण डब्यात शुद्ध कार्नौबा नसतंच, ते इतकं टणक असतं की हाताने लावताच येणार नाही, म्हणून त्यात तेलं, सॉल्व्हंट, दुसरी मेणं घालतात. गडद रंगाचं बोनेट कडक उन्हात ७० अंशांच्या पुढे जातं. दीड-दोन महिन्यात त्यातलं काय उरतं ते तुम्हीच सांगा.

मेणकरी

उरत नाही म्हणूनच तर परत लावायचं! दीड-दोन महिन्यांनी तासभर गाडीसाठी काढला तर बिघडलं कुठे. आणि इतकं जड जात असेल तर सिंथेटिक सीलंट लावा, पॉलिमरचं असतं, चार-सहा महिने सहज जातात. "थोडा वेळ मिळेल फार तर" असं तुम्हीच लिहिलंय, तर तो थोडा वेळच पाहिजे असतो हो, माणूस ऑफिसात बसलेला असतो, गाडी झाडाखाली, ओला कपडा घेऊन दिवसभर बोनेटपाशी उभं कोण राहणार?

बफरवाला

हा माझा धंदा आहे म्हणून लिहितोय, आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा टिकाऊ पारदर्शक थर) मी विकतोसुद्धा, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी काढायला नको.

दोघांच्या भांडणात खरा गुन्हेगार सुटतोय. लोक पॉलिश आणि वॅक्स एकच समजतात. पॉलिशमध्ये घासणारे कण असतात, ते क्लिअर कोट थोडा थोडा कापून ओरखड्याच्या कडा सपाट करतं. वॅक्स नुसतं वर बसतं. काही जण दर सर्व्हिसिंगला "रबिंग-पॉलिश करून टाका" म्हणतात आणि करणारा पण मशीन फिरवून मोकळा होतो. प्रत्येक वेळी काही मायक्रॉन गेले की गेले, ते परत येत नाहीत. त्यातून वरचा थर गेला म्हणजे त्याच्यातली ऊन अडवणारी रसायनं पण गेली. नंतर टपावर आणि बोनेटवर पांढरे पापुद्रे सुटायला लागले की कंपनीचा रंगच फालतू होता म्हणायचं. पापुद्रे सुटल्यावर ना वॅक्स कामाचं ना पॉलिश, पुन्हा रंगवणं हाच उपाय. मी जाडी मोजायचं मीटर लावल्याशिवाय मशीन हातात घेत नाही, आणि काही गाड्या तशाच परत पाठवतो, मालक नाराज होतात तो भाग वेगळा.

अजून एक. स्वस्तातलं रबिंग केल्यावर गाडी आरशासारखी दिसते आणि तीन-चार वेळा धुतली की जुने ओरखडे हजर, कारण त्यात ओरखडे भरून काढणारं तेल होतं, ओरखडे गेलेच नव्हते.

शंकेखोर

कोटिंग विकता म्हणालात म्हणून विचारतो. ते ९एच ९एच करतात ते काय असतं? मला सांगितलं होतं की हिऱ्याच्या खालोखाल कडक, किल्लीने ओढलं तरी ओरखडा येणार नाही.

बफरवाला

सांगणाऱ्याने गंडवलं. ९एच ही पेन्सिलची मोजपट्टी आहे. ठरलेल्या वजनाने कडक शिशाची पेन्सिल थरावर ओढायची आणि ओरखडा पडतो का बघायचं. खनिजांची मोहची पट्टी वेगळी, तिथे हिरा १० वर असतो, दोन्हींचा काही संबंध नाही. सिरॅमिक कोटिंगवर वाळू घासली की ओरखडे येणारच. फायदा असा की ते वॅक्सपेक्षा कितीतरी जास्त टिकतं आणि गाडी धुवायला सोपी जाते. उडालेल्या खडीपासून वाचायचं तर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), ती १५०-२०० मायक्रॉनची जाड फिल्म असते, तिची तुलना वॅक्सशी करूच नका.

घासूनपुसून

म्हणजे कोटिंग लावल्यावरही नीट धुवावीच लागणार. हेच तर मी पहिल्या ओळीपासून ओरडतोय!

काळीगाडीवाली

काळ्या रंगाच्या मालकांना कोणी विचारा. मी दोन बादल्यांचं सगळं करते, एका बादलीत शॅम्पू, दुसरीत मोजा खळबळून घ्यायचा, टपापासून सुरुवात, खालचे दरवाजे शेवटी, चाकांसाठी वेगळा ब्रश. ओरखडे नाहीत, खरंच नाहीत. पण पाण्याचे गोल गोल डाग! पाणी जड आहे, वाळलं की कॅल्शियम मागे राहतं आणि काळ्यावर असे ठिपके दिसतात की वाटतं गाडीला कांजिण्या झाल्यात. आणि मेणकरीसाहेब, वॅक्स लावल्यापासून हे जास्त झालंय, कारण आता पाणी पसरत नाही, मोत्यासारखे थेंब होऊन जागच्या जागी बसतं आणि तिथेच वाळतं. या मोत्यांचे फोटो टाकून लोक संरक्षण संरक्षण करतात त्याची मला मजा वाटते.

मेणकरी

ताई, थेंबांचा दोष वॅक्सला कशाला? उन्हात धुताय का? सावलीत, पत्रा हाताला गार लागला की मगच धुवायची, आणि शेवटी होजपाईपचं नोझल काढून पाण्याची संथ धार टपावरून सोडायची, वॅक्स असेल तर बहुतेक पाणी एका पडद्यासारखं खाली ओघळतं. उरलेलं मोठ्या मायक्रोफायबरच्या टॉवेलने टिपायचं, टिपायचं म्हणतोय, घासायचं नाही. आधीच पडलेले डाग ताजे असतील तर पातळ व्हिनेगरने निघतात, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

थेंब होणं म्हणजे संरक्षण नाही हे मात्र मान्य. नवीन क्लिअर कोटवर पण थेंब होतात.

बादलीभर

तुम्ही सगळे पाण्याबद्दल किती सहज बोलताय. होजपाईप मिनिटाला १५ लिटर तरी ओततो, अर्धा तास चालू ठेवला तर हिशोब करा. प्रेशर वॉशर बरा, त्याला निम्म्याच्या आसपास लागतं. मी रिन्सलेस वॉश वापरतो, बादलीभर पाण्यात थोडं द्रावण, त्यातली पॉलिमर मातीच्या कणाला वेढून घसरती करतात, एकेक मायक्रोफायबर भिजवून एकेक भाग पुसायचा, घडी उलटायची, वापरलेली बाजू परत गाडीला लावायची नाही. वरून धुवायची गरज नाही. नीट केलं तर यात ओरखडे फारसे पडत नाहीत.

घासूनपुसून

धुळीला ठीक, चिखलाला अजिबात नाही. चाकांच्या वर वाळलेला चिखल आणि तुम्ही ओल्या फडक्याने पुसताय, कुठलं पॉलिमर वाचवणार? जाड थर आधी पाण्यानेच उतरवला पाहिजे.

बादलीभर

चिखल असेल तर तेवढाच भाग आधी पंपाने फवारून भिजवतो, दोन-तीन लिटर जातात. तरीही तुमच्या पाण्याच्या दहावा हिस्सा. रंग वाचवायला पाणी उधळायचं हे मला पटणार नाही, चार ओरखडे पडले तरी चालतील.

जुनागडी

माझ्याकडे एक जुनी लाल गाडी आहे, क्लिअर कोट नसलेली, सरळ एकेरी रंग. तिला वॅक्स नाही लावलं तर रंग पावडरीसारखा हाताला लागतो. तिच्या बाबतीत वॅक्स हौस नाही, गरज आहे. धागाकर्त्याने सगळ्यांना एकाच मापात मोजलंय.

घासूनपुसून

तुमच्या गाडीपुरतं शंभर टक्के सहमत. आणि माझा संशय असा आहे की "वॅक्स लावलं नाही तर रंग जाईल" हा सल्ला त्याच काळातून जसाच्या तसा चालत आलाय. १९८० च्या दशकात क्लिअर कोट सर्रास झाला, रंग बदलला, सल्ला तोच राहिला. कोणाला आपली गाडी कुठल्या प्रकारची ते बघायचं असेल तर कोपऱ्यात कुठेतरी पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासा, फडक्याला गाडीचा रंग लागला तर एकेरी.

निवांत

माझी गाडी पावसात धुतली जाते. चालते. गंजली नाही. बोला.

बफरवाला

@निवांत, गंजणार नाहीच वरून, खालून बघा कधीतरी. गंज चेसिसला, दरवाज्याच्या खालच्या शिवणीत आणि खडी लागून टवका उडालेल्या जागी सुरू होतो, तिथे वॅक्सवाले पण पोचत नाहीत आणि दोन बादल्यावाले पण. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणि जिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्यांनी बोनेटच्या आधी गाडीचं पोट धुवावं. टवका उडाला असेल तर टच-अपचा ठिपका लावा, या सगळ्या चर्चेपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

शंकेखोर

अजून एक, भांड्याच्या साबणाने रंग जातो का? घरचे तोच वापरतात.

मेणकरी

रंग नाही जात, वॅक्स जातं. तेलकटपणा काढणं हेच त्याचं काम. गाडीच्या शॅम्पूत मोजा घसरावा म्हणून वंगण असतं ते यात तेवढं नसतं, म्हणून ओरखड्यांचा धोका जास्त. मी स्वतः वर्षातून एकदा मुद्दाम वापरतो, जुनं वॅक्स उतरवून नवीन लावायच्या आधी. मग पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोनेटवरून हात फिरवतो, खरखर लागली तर क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा), नाही लागली तर सरळ वॅक्स.

घासूनपुसून

क्ले पण जपून हो, वंगण कमी पडलं तर क्लेनेच ओरखडे येतात, आणि जमिनीवर पडलेला क्लेचा तुकडा परत वापरायचा नाही, टाकून द्यायचा. वर्षातून एकदा कशाला, गरज असेल तरच.

काळीगाडीवाली

दोघांचं एकदाचं कशावर तरी जुळेल असं वाटलं होतं :D

बफरवाला, माझा मागचा बंपर मागच्याच आठवड्यात रंगवून आलाय. वॅक्स लावू का? आणि धुवू की नको?

बफरवाला

वॅक्स आत्ता नको. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजून निघतो, तो गाडी हातात येते तेव्हा पूर्ण पिकलेला असतो. बाहेर रंगवलेला फार तर ६० अंशांवर वाळवतात, त्यातलं सॉल्व्हंट पुढे काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतं, वरून वॅक्सने कोंडलं तर त्रास होऊ शकतो. महिना तरी थांबा, तीन महिने थांबलात तर उत्तम, रंगाच्या कंपनीने काही वेगळं सांगितलं असेल तर ते ऐका. धुवायला हरकत नाही, साधं पाणी, मऊ मोजा, बंपरवर प्रेशर वॉशर मात्र जवळून मारू नका. आणि शिट पडली तर त्याच दिवशी काढा, कच्च्या रंगावर ती फार लवकर चढते.