'इंडियन स्टेटस' कार्डाला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा: कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सवर, म्हणजे तिथल्या मूळ जमातींच्या एका मोठ्या गटावर, लेख लिहितेय. नोंदणी झालेल्यांना सरकार जे कार्ड देतं, त्याचं अधिकृत नावच 'सर्टिफिकेट ऑफ इंडियन स्टेटस'. 'भारतीय दर्जा' लिहिलं तर लोक ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं कार्ड समजतील. 'रेड इंडियन' नकोच. सुचवा.

तळटीप: 'आदिवासी ओळखपत्र'. झालं.

खडूफळा: इन्युइट आणि मेटी हे तिथले दुसरे दोन गटही आदिवासीच ना? त्यांना हे कार्ड नाही.

मोडीवाला: मग 'मूलनिवासी'?

तळटीप: तो शब्द आपल्याकडे एका चळवळीचा झालाय. वाचणारा ओटावाऐवजी नागपूरला पोचेल.

मोडीवाला: 'आदिवासी' तरी कुठे जुना? विसाव्या शतकात रुळवलेला शब्द.

तळटीप: असेना! आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी संविधान सभेत 'बनजाति' या हिंदी शब्दाला हरकत घेऊन हाच मागितला होता.

कणसरी: आमच्या जव्हारकडे ओळखपत्र कोणी म्हणत नाही. जमातीचा 'दाखला' काढतात, मग त्याची पडताळणी, 'व्हॅलिडिटी'. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणे. आजोबा शाळेतच गेले नाहीत, आणू कुठून?

खडूफळा: तिकडेही तोच छळ, ताई. १९८५ पर्यंत बाईनं बाहेरच्याशी, म्हणजे नोंदणी नसलेल्याशी, लग्न केलं की तिचा दर्जा जायचा. पुरुषाचा राहायचा, वर त्याच्या बायकोलाही मिळायचा! आजही लागोपाठ दोन पिढ्या बाहेर लग्नं झाली की नातवंडं यादीबाहेर.

तळटीप: मग 'दर्जा-दाखला' म्हणा. त्यावर सवलती काय मिळतात?

खडूफळा: औषधं, दात, चष्मा यांचा खर्च, फर्स्ट नेशन्ससाठी राखीव क्षेत्रातल्या कमाईवर आयकर नाही. शिवाय जमिनीबद्दल सरकारशी झालेल्या बऱ्याच करारांखाली माणशी वर्षाला ५ डॉलर. १८७० च्या दशकात ठरले, अजून ५च.

कणसरी: ह्याला सवलत म्हणता? जमीन कुणाची होती?

मोडीवाला: ५ डॉलरांना मराठीत सुरेख शब्द आहे, 'वर्षासन'.

कणसरी: अहो, वर्षासन राजा खूश होऊन देतो. हे देणं आहे. 'खंड' म्हणा, कूळ मालकाला देतं तो.

तळटीप: पण कॅनडा सरकार स्वतःला कूळ थोडंच समजतं? त्यांच्या मते जमीन कायमची मिळाली. लेखात 'खंड' लिहिलात तर तो अनुवाद राहणार नाही, निकाल होईल.

कणसरी: आणि 'सवलत' हा निकाल नाही वाटतं?

मोडीवाला: भांडू नका. 'खंडणे' म्हणजे रक्कम एकदाची ठरवून टाकणं. खंड त्यातलाच, खंडणीही त्यातलीच.

तळटीप: खंडणी? आता कोण कुणाला देतंय ते तरी ठरवा!