नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट: चिनी पोरांच्या इंग्रजी पेपरबद्दल

सुझोऊकर

तिरकस_तात्यांचा परवाचा धागा वाचला. 'चिनी पोरं तिसरीपासून इंग्रजी शिकतात, गाओकाओला, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला, दीडशे गुणांचा पेपर देतात आणि दुकानात दोन वाक्यं बोलायची वेळ आली की दात काढून हसतात. मग तो पेपर तपासतो काय, कपाळ?' असा एकंदर सूर, आणि खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

तात्या, तो पेपर तुम्ही कधी पाहिलाय का? दीडशेपैकी तीस गुण ऐकण्याचे. वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. पहिले पाच छोटे संवाद फक्त एकदा ऐकवतात आणि दहा सेकंद देतात. त्याच दहा सेकंदांत उत्तर द्यायचं आणि पुढचा प्रश्नही वाचून ठेवायचा. नंतरचे लांब संवाद दोनदा वाजतात. मग नव्या नमुन्यात वाचनाला पन्नास गुण. चार उतारे, आणि शेवटी एक उतारा ज्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात. खाली सात वाक्यं देतात, त्यातली दोन फसवी. आपल्याकडच्या चांगल्या कॉलेजातल्या पोरांना बसवा आणि निकाल इथे टाका.

या ऐंशी गुणांत बोलणं कुठेच नाही. जे तपासलंच नाही त्यावरून पेपरला नापास कसं करता? २०२४ साली गाओकाओसाठी १ कोटी ३४ लाख पोरांनी नावं नोंदवली. इंग्रजीचा पेपर ८ जूनच्या दुपारी, तीन ते पाच. एवढ्यांची तोंडी परीक्षा घ्यायला परीक्षक कुठून आणणार? आणि आणलेत तरी गान्सूच्या डोंगरातला परीक्षक आणि शांघायचा परीक्षक एकाच मापाने गुण देईल याची हमी कोण घेणार? चीनमध्ये ओळखीपाळखीने काय काय होतं ते चिनी लोकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर वडाप ओढणाऱ्याच्या पोरालाही या परीक्षेचा भरवसा वाटतो. उत्तरपत्रिका वाचणारं यंत्र कुणाचा मामा नसतं.

आमच्या प्लांटमध्ये आन्हुईच्या खेड्यातून आलेला एक पोरगा आहे. जर्मन मशीनचं इंग्रजी मॅन्युअल एकटा बसून वाचतो आणि बिघाड शोधून काढतो. व्हिडिओ कॉलवर त्याच्या तोंडून 'हॅलो'च्या पुढे शब्द फुटत नाही. पेपरने त्याचं वाचन तपासलं होतं आणि त्याला वाचता येतं. आणखी काय हवंय?

तिरकस_तात्या

पेपर पाहिलाय, म्हणूनच बोलतो. ऐकण्याच्या भागाआधी एक नमुना प्रश्न छापतात. 'हा शर्ट कितीला?' पर्याय १९.१५ पौंड, ९.१८ पौंड, ९.१५ पौंड. उत्तर सी. वर्षानुवर्षं तोच शर्ट, तोच भाव! महागाई नाही, सेल नाही. चिनी पोरंच त्या शर्टावर विनोद करतात.

वाचनाचं म्हणाल तर यीवूला, चीनच्या त्या घाऊक बाजाराच्या गावात, आमचा माल जिथून येतो त्या शेठची मुलगी तेव्हा बारावीला होती. तिने मला हसत हसत एक तोडगा सांगितला, तो म्हणे तिथे पोरापोराला पाठ असतो. तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड ठोक, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब ठोक. हे वाचन? ही तर मटक्याची आकडेमोड झाली.

आणि यीवूच्या बाजारात मी इतकी वर्षं खेपा घालतोय, भाव विचारला की समोर येतो कॅल्क्युलेटर. आकडा टाइप करून दाखवतात. तुमचा आन्हुईचा हिरा तुम्हालाच लखलाभ.

सुझोऊकर

तो तोडगा वापरून किती गुण मिळतात ते त्या मुलीला विचारलंत का? पोरं पेपरच्या आदल्या रात्री असलं बोलून स्वतःला धीर देतात. आपल्याकडे 'काही येत नसेल तर बी' म्हणत नाहीत?

आणि तात्या, कॅल्क्युलेटर तुमच्यासारख्यांमुळे निघतो. तोंडी भाव सांगितला की तुम्ही नंतर 'मी तर पंधरा ऐकलं होतं' म्हणता.

मधुरा_डी

मी ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते, आणि भाषा-चाचणी हा माझ्या प्रबंधाचा विषय होता, त्यामुळे राहवत नाही. धागाकर्त्यांशी अर्धी सहमत, उरलेल्या अर्ध्याशी कडक असहमत.

'जे तपासलं नाही त्याचा दोष पेपरला का' हे कागदावर बरोबर दिसतं. पण एवढ्या मोठ्या परीक्षेत जे तपासत नाहीत ते वर्गात शिकवतच नाहीत. बारावीच्या वर्षात शिक्षक बोलायला वेळ देईल का? त्या वेळेत तो सात-पैकी-पाचचे दहा उतारे सोडवून घेईल. तो उतारा तरी निव्वळ इंग्रजीचा असतो का? 'तथापि' कुठे आलंय, 'हे' म्हणजे काय, आधीच्या वाक्यात अनेकवचन आहे का, एवढं पाहिलं की अर्थ न कळता जागा भरता येते. मी स्वतः असे पेपर काढले आहेत.

दुसरं, तुमची समान न्यायाची गोष्ट. काही प्रांतांत ऐकण्याचे तीस गुण बरीच वर्षं एकूणात धरतच नव्हते. उरलेले एकशेवीस १.२५ ने गुणायचे की झाले दीडशे. कारण उघड आहे, खेड्यातल्या शाळांत धड स्पीकर नाहीत. पण परिणाम काय? तिथल्या शिक्षकाने टेप कपाटात ठेवली. ते पोर विद्यापीठात शहरातल्या पोराशेजारी बसलं तेव्हा त्याला एक शब्द ऐकू येईना. हा न्याय?

आणि बोलणं तपासणं अशक्य, हे तर सपशेल चूक. ग्वांगदोंग प्रांतात २०११ पासून ऐकणं-बोलणं संगणकावर घेतात. चित्रफीत ऐकून तशा चालीत वाचायचं, मग प्रश्नोत्तरं, मग ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. २०२१ पासून त्याला वीस गुण आहेत. बीजिंगमध्ये त्याच वर्षापासून दीडशेपैकी पन्नास ऐकण्या-बोलण्याला, वर्षातून दोनदा संधी, जास्त असतील ते गुण धरतात. परीक्षकाचा मामा नाही आणि बोलणंही तपासलं जातं.

सुझोऊकर

बीजिंगचं उदाहरण देऊ नका हो. तिथे परीक्षेला बसणारे लाखाच्या आत आणि प्रत्येक शाळेत हवे तेवढे संगणक. हेनानसारख्या गर्दीच्या प्रांतात हे करून दाखवा.

मधुरा_डी

ग्वांगदोंग सोयीस्करपणे गाळलंत. तिथे काय शंभर पोरं बसतात?

सुझोऊकर

बरं, ग्वांगदोंग. दीडशेपैकी वीस गुण. अभिनंदन.

पण गुणांना हात लावला की काय होतं ते २०१८ ला झेजियांगमध्ये पाहिलं. तिथे इंग्रजी वर्षातून दोनदा घेतात. नोव्हेंबरचा पेपर अवघड गेला म्हणून परीक्षा घेणाऱ्यांनी वाचनाच्या काही प्रश्नांचे आणि गाळलेल्या जागांचे गुण वजन लावून वाढवले. हेतू चांगलाच, मागच्या वर्षाच्या पोरांशी तुलना बरोबर व्हावी एवढाच. आईबाप खवळले. ज्यांनी ते प्रश्न बरोबर सोडवले त्यांना कमी फायदा आणि चुकलेल्यांना जास्त, असं कसं? प्रांताच्या सरकारने चौकशी लावली, डिसेंबरमध्ये वाढवलेले गुण रद्द करून मूळ गुण दिले आणि शिक्षण खात्याच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. आता सांगा, या लोकांसमोर 'उच्चार नैसर्गिक वाटला' म्हणून अर्धा गुण कसा द्यायचा?

चाचणीशास्त्र_नको_रे_बाबा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

घाटावरची_मैना

उच्चाराचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. ऐकण्याच्या टेपमधले आवाज ब्रिटिश नाहीतर अमेरिकन. आणि शिकवायला माणूस हवा तोही तसाच. माझं एम.ए. इंग्रजी, दहावी-बारावी शिकवण्याचा अनुभव. नवऱ्याची बदली चीनला झाली तेव्हा तिथल्या एका शाळेने मुलाखत घेतली, डेमो तास झाला, मुख्याध्यापिका खूश. मग पासपोर्ट पाहिला आणि गोड हसून नाही म्हणाल्या. नियम काय, तर भाषा शिकवणाऱ्या परदेशी माणसाने आपल्या मातृभाषेचीच भाषा शिकवावी आणि तो त्याच देशाचा असावा. व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेत घरात इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांहून कमी! ते चालतात. आम्ही नाही.

तिरकस_तात्या

+१००. मैनाताई, गोऱ्या कातडीचा बाजार आहे तो.

सुझोऊकर

मैनाताई, वाईट वाटलं, पण याचा पेपरशी संबंध काय?

घाटावरची_मैना

संबंध कसा नाही? ज्या पोराने आयुष्यात फक्त टेपवरचा लंडनचा माणूस ऐकलाय त्याला तात्यांचं इंग्रजी कसं कळणार? यीवूला माल घ्यायला येतात कोण? भारतीय, अरब, आफ्रिकन. त्यांचे आवाज टेपवर एकदा तरी आलेत का? तुमची ऐकण्याची परीक्षा खोट्या गिऱ्हाइकावर घेतलेली आहे.

मधुरा_डी

हा मुद्दा मात्र मला पटतो, आणि आमच्या क्षेत्रात यावर बरंच लिहिलं गेलं आहे. पण ज्या परीक्षेवर प्रवेश ठरतो त्यात अनोळखी उच्चार घातला तर पहिला ओरडा आईबापांचाच होईल.

लातूरचा_डॉक्टर

मी चीनमध्ये एमबीबीएस केलं. आमचे तास इंग्रजीतून असं प्रवेशाच्या वेळी सांगितलेलं. प्रत्यक्षात प्राध्यापक पीपीटी वाचायचे, आणि वॉर्डात पेशंट चिनी बोलायचे. आमच्या शेजारच्या होस्टेलमधली चिनी पोरं इंग्रजी जर्नल सरसर वाचायची, आम्हाला उतारे काढून द्यायची. कॅन्टीनमध्ये आम्ही 'हाऊ आर यू' म्हटलं की सगळ्यांचं एकच, 'आय एम फाइन थँक यू, अँड यू?' मग सन्नाटा. तरी सांगतो, त्यांच्यातल्या एकाने माझा पॅथॉलॉजीचा अख्खा पेपर मला चॅटवर लिहून समजावला होता. समोरासमोर बसला की तोच घामाघूम.

मैनाताईंना काम मिळालं नाही याचं वाईट वाटतं, पण आमच्या लातूरमधल्या इंग्रजी शाळा तरी केरळच्या शिक्षिका का शोधतात, हे विचारा. तिथे कुठला चिनी कायदा आहे?

घाटावरची_मैना

डॉक्टर, ते वेगळं आहे. केरळच्या बाईंना लातूरमध्ये पासपोर्ट विचारत नाहीत.

लातूरचा_डॉक्टर

पासपोर्ट नाही, उच्चार विचारतात. माझी बहीण बी.एड. आहे, तिला 'मराठी टोन आहे' म्हणून परत पाठवलं. कुणाच्या नावाने रडू?

घाटावरची_मैना

म्हणजे आपल्यावर अन्याय होतो म्हणून त्यांचा माफ? अजब न्याय आहे तुमचा. चिनी मीठ फार खाल्लेलं दिसतंय.

लातूरचा_डॉक्टर

वैयक्तिक होऊ नका. मी त्यांची बाजू घेतली कुठे?

सुझोऊकर

अहो, धागा इंग्रजीच्या पेपरवर आहे! मैनाताई, नवीन धागा काढा ना.

जपानीबाबू

कुणी हे बोललंच नाही म्हणून सांगतो. गाओकाओला परकी भाषा म्हणून इंग्रजीच घ्यायला हवी असं नाही. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश चालतात. इंग्रजीत जेमतेम गुण मिळवणारी पोरं अकरावीत जपानीकडे उडी मारतात, चिनी अक्षरं ओळखीची असतात म्हणून. गुण वाढतात. इंग्रजीचा पेपर भाषा तपासतो म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्यांना भाषा नको, गुण हवेत.

तिरकस_तात्या

बघा, बाबूंनी माझ्या मनातलं सांगितलं.

सुझोऊकर

यात पेपरचा काय दोष? आपली पोरं गुणांसाठी संस्कृत घेतात तेव्हा संस्कृतचा पेपर खोटा ठरतो?

मधुरा_डी

हो, बऱ्याच अंशी ठरतो. संस्कृतला शंभर पडलेल्यांपैकी किती जणांना एक पान न अडखळता वाचता येतं?

सुझोऊकर

... पास.

तरीही सांगतो. मार्च २०२१ मध्ये चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेच्या एका सदस्याने इंग्रजीचा मुख्य विषयाचा दर्जाच काढा असं सुचवलं होतं. त्याच उन्हाळ्यात शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी क्लासेसवर बंदी आली आणि ऑनलाइन शिकवणारे परदेशी शिक्षक एका रात्रीत गेले. आता शहरातल्या पैसेवाल्याच्या पोराला घरी येणारी बाई मिळते. आन्हुईच्या पोराला मिळतो तो हा दोन तासांचा पेपर. ऐकण्या-बोलण्याचे ते पन्नास गुण उद्या देशभर लागू केले तर फायदा कुणाचा, मधुराताई? तुमच्या प्रबंधात असेल उत्तर.

मधुरा_डी

फायदा शहरातल्या पोरांचा होईल, पहिली काही वर्षं. ते मान्य. पण त्या भीतीने खेड्यातल्या पोराला कायम मुकं ठेवायचं, ही कसली कळकळ? आणि प्रबंधाचा टोमणा अनाठायी होता.

सुझोऊकर

टोमणा मागे. मुद्दा मागे नाही.

तिरकस_तात्या

चला, एवढं कबूल करतो की तुमच्या पोराला मॅन्युअल वाचता येतं. पुढच्या खेपेला त्याला यीवूला पाठवा, माझ्या पावत्या वाचायला.

घाटावरची_मैना

नवीन धागा काढणार नाही. इथेच विचारते: ज्या मुख्याध्यापिकेने मला नाकारलं तिने नंतर घेतला तो आयरिश मुलगा. त्याची पदवी हॉटेल मॅनेजमेंटची. सुझोऊकर, तुमच्या समान न्यायात हे कुठे बसतं? उत्तर द्या, पळू नका.